घडवावी, जोडावी की तयार घ्यावी? : रायफलीच्या निर्मितीतील निवड आणि तिचा इतिहास

प्रस्तावना

ज्या लांब नळीच्या बंदुकीच्या नळीत आतून सर्पिल खाचा कोरलेल्या असतात, तिला रायफल म्हणतात. या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळते, फिरकीमुळे तिचा मार्ग स्थिर राहतो आणि गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या टप्प्यापलीकडचे लक्ष्यही अचूक टिपता येते. असे हत्यार मिळवण्याचे मार्ग मुळात तीन आहेत : ते पोलादापासून स्वतः घडवावे, दुसऱ्याने घडवलेले सुटे भाग आणून स्वतः जोडावेत, किंवा जोडून आणि तपासून सिद्ध झालेले हत्यार विकत घ्यावे. वरवर पाहता ही निवड खर्च, वेळ आणि हौस यांची वाटते. परंतु गेल्या काही शतकांत संस्थाने, साम्राज्ये, स्वतंत्र राष्ट्रे, कारखाने आणि खेळाडू यांच्यापुढे ती पुन्हा पुन्हा उभी राहिली, आणि प्रत्येक वेळी तिच्या उत्तराने शस्त्राच्या किमतीपेक्षा फार मोठ्या गोष्टींचा निकाल लावला. प्रस्तुत ग्रंथ या निवडीचा इतिहास आणि विचार मराठी वाचकांपुढे ठेवतो, आणि तो महाराष्ट्राच्या, विशेषतः खानदेशाच्या बाजूने पाहतो.

विषयात शिरण्यापूर्वी कायद्याची चौकट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण परदेशातील चर्चा ऐकून तयार होणारे समज येथे लागू पडत नाहीत. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 'रिसीव्हर', म्हणजे चाप, बोल्ट आणि नळी ज्यावर बसतात तो यंत्रणेचा सांगाडा, एवढाच भाग सामान्यतः बंदूक म्हणून गणला जातो. नळी, दस्ता, चापाची जुळणी इत्यादी भाग वेगळे विकत घेता येतात, आणि म्हणून तेथे रायफल घरी जोडावी की दुकानातून जोडलेली आणावी हा एका नागरिकाचा खासगी प्रश्न होऊ शकतो. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने मात्र बंदुकीच्या व्याख्येतच तिचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश केला आहे, आणि निर्मिती, विक्री, दुरुस्ती, चाचणी व रूपांतर यांपैकी प्रत्येक कृतीसाठी परवाना बंधनकारक ठरवला आहे. याचा अर्थ असा की, परवान्याविना सुटा भाग बाळगणे किंवा तो दुसऱ्या भागाला जोडणे हा येथे छंद ठरत नाही. तो गुन्हा ठरतो. १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या शस्त्र नियमांनी घेतली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली. त्यामुळे भारतात 'घडवावी, जोडावी की घ्यावी' हा प्रश्न प्रामुख्याने राज्यसंस्था, परवानाधारक कारखाने आणि, एका मर्यादित अर्थाने, नेमबाज खेळाडू यांच्यापुढचा प्रश्न आहे, आणि या ग्रंथाची मांडणीही त्याच तिघांभोवती झाली आहे.

या विषयाचा गाभा 'जोडणी' या कृतीत दिसतो, पण तो प्रत्यक्षात 'मापा'त आहे. रायफलीचे मुख्य भाग मोजकेच असतात : नळी, काडतूस बसते ते नळीच्या मागील टोकाचे घर, ते घर मागून बंद करणारा बोल्ट, चाप आणि त्याची जुळणी, काडतुसांचे मॅगझिन, नेम धरण्याची साधने आणि खांद्याला लागणारा दस्ता. हे भाग एकमेकांत अडकवणे अनेकदा सोपे असते. अवघड असते ते त्यांच्यामधील अंतर योग्य राखणे. घरात बसलेल्या काडतुसाच्या बुडाला बोल्टचा आधार कोठे मिळतो हे ठरवणारे 'हेडस्पेस' नावाचे माप प्रमाणाबाहेर वाढले, तर स्फोटाच्या क्षणी काडतुसाचे पितळ फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. ते प्रमाणापेक्षा कमी झाले, तर बोल्ट पूर्ण बंदच होत नाही. म्हणून कारखान्यात हे माप 'गो' आणि 'नो-गो' या नावांच्या पोलादी मापकांनी तपासले जाते : पहिल्या मापकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि दुसऱ्यावर तो बंद होता कामा नये. तयार हत्यार घेणारा माणूस खरे पाहता या तपासणीची किंमत मोजत असतो, आणि सुटे भाग जोडणारा या तपासणीची जबाबदारी स्वतःवर घेत असतो.

अठराव्या शतकापर्यंत जगभर बंदुका हाताने बसवल्या जात. कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून त्याच बंदुकीपुरता जुळवत असे. त्यामुळे एका बंदुकीचा मोडलेला भाग दुसरीतून काढून बसवता येत नसे आणि रणांगणावर झालेला बिघाड कारागिराच्या दारात नेल्याशिवाय दुरुस्त होत नसे. फ्रान्समधील ऑनोरे ब्लाँ या बंदूककाराने १७८५ च्या सुमारास ढिगातून कोणतेही भाग उचलून बंदुकीची खटक्याची यंत्रणा जोडून दाखवली, आणि त्या वेळी पॅरिसमध्ये राजदूत असलेल्या टॉमस जेफरसन यांनी ही गोष्ट उत्साहाने आपल्या देशाला कळवली. अमेरिकेत एली व्हिटनी यांनी १७९८ मध्ये दहा हजार बंदुकांचे कंत्राट याच कल्पनेच्या आश्वासनावर घेतले. परंतु ती कल्पना खऱ्या अर्थाने प्रत्यक्षात आली ती पुढे हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारात, जॉन हॉल यांच्या यंत्रांनी आणि मापकांनी. १८५० च्या दशकात ब्रिटनने अमेरिकन यंत्रे विकत घेऊन एनफिल्डचा कारखाना नव्याने उभारला, आणि सुट्या भागांची अदलाबदल करता येणारी रायफल साम्राज्याच्या सैन्यात पोहोचली. आज सुटे भाग आणून जोडण्याची जी शक्यता चर्चिली जाते, ती या अनेक दशकांच्या परिश्रमातून जन्मली आहे. अदलाबदल करता येणारा भाग नसता, तर 'जोडणी' हा स्वतंत्र पर्यायच निर्माण झाला नसता.

महाराष्ट्राच्या इतिहासात हा प्रश्न त्याच्याही आधीपासून दिसतो. शिवकाळात तोफा आणि दारूगोळा इंग्रज, फ्रेंच व पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडून खरेदी करण्याचे प्रयत्न सतत चालू होते, आणि विकणारा टोपीकर आपल्या सोयीनुसार माल देत किंवा रोखून धरत असे. पेशवाईत तोफा ओतण्याचे आणि गोळे बनवण्याचे कारखाने उभे राहिले, तरी त्यांच्या उत्पादनाचा दर्जा आणि सातत्य हा अडचणीचा विषय राहिला. या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण महादजी शिंदे यांचे आहे. १७८४ मध्ये त्यांच्या सेवेत आलेल्या बेनुआ द बॉइन या सेनानीने कवायती पलटणी उभारल्या, आणि आग्र्याला सँगस्टर या स्कॉटिश तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली तोफा ओतण्याचे व युरोपीय नमुन्याच्या बंदुका बनवण्याचे काम सुरू झाले. या बंदुका सुमारे दहा रुपयांना एक या दराने तयार होत आणि त्यांच्या दर्जाची त्या काळी प्रशंसा झाली. म्हणजे स्वतः घडवण्याचा मार्ग मराठी सत्तेला अप्राप्य नव्हता. तरीही १८०३ च्या युद्धात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने जाहीरनामा काढताच शिंद्यांच्या सेवेतील अनेक युरोपीय अधिकारी सोडून गेले, आणि असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याची मोठी हानी केली असली तरी त्या तोफा अखेर शत्रूच्या हाती पडल्या. भट्ट्या, ओतशाळा आणि कामगार येथलेच होते. परंतु नमुना ठरवणारे आणि कवायत शिकवणारे ज्ञान काही परक्या व्यक्तींच्या ठायी साठलेले होते आणि त्या व्यक्ती गेल्या तेव्हा ते ज्ञानही त्यांच्याबरोबर गेले. या ग्रंथाची मध्यवर्ती भूमिका या प्रसंगातून स्पष्ट होते : शस्त्र कोणाच्या हाताने जोडले गेले यापेक्षा त्याचे माप कोणाकडे आहे, हा प्रश्न अधिक निर्णायक असतो.

खानदेशातील वाचकाला ही भूमिका समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पिंपळनेरच्या परिसरातून वाहणाऱ्या पांझरा नदीवर आणि तिच्या शेजारच्या खोऱ्यांत शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत, म्हणजे बंधारा बांधून कालव्याने शेतांच्या सामाईक पट्ट्यांना, अर्थात फडांना, पाणी देण्याची व्यवस्था, हेच शिकवते. बंधाऱ्याचे दगड कोणी रचले हा तेथे एकदाच उद्भवणारा प्रश्न असतो. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, पाण्याची पाळी कोणाची आणि पाटकऱ्याने दार केव्हा उघडायचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र दरवर्षी, दर हंगामाला वापरला जातो, आणि तो गावाकडे राहिला म्हणूनच ती व्यवस्था टिकली. रायफलीच्या बाबतीत आराखडे, मापके, पोलादाची प्रत आणि तपासणीचे निकष यांना पाण्याच्या पाळीचे स्थान आहे.

एकोणिसाव्या शतकातील खानदेशाने या प्रश्नाची दुसरी बाजू अनुभवली. १८१८ नंतर हा प्रदेश कंपनीच्या अमलाखाली आला, आणि १८२५ मध्ये कंपनीचे अधिकारी जेम्स आउट्रम यांनी धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास प्रारंभ केला. ज्या समाजाकडे तीरकामठा आणि तोड्याची बंदूक, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी बंदूक, ही स्वतःची किंवा स्थानिक कारागिराने घडवलेली शस्त्रे होती, त्याच समाजातील तरुणांच्या हाती सरकारी साच्याचे शस्त्र आले. १८५७ च्या उठावाला कारण ठरलेल्या अनेक गोष्टींपैकी एनफिल्ड रायफलीचे काडतूस ही एक होती, आणि त्याच उठावाच्या काळात खाज्या नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यात भिल्लांचा उठाव झाला, ज्याची परिणती एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईत झाली. त्यानंतरच्या निःशस्त्रीकरणाने आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांच्या शस्त्रांवर परवान्याचे बंधन आले, त्यामुळे गावोगावच्या बंदूक घडवण्याच्या व दुरुस्त करण्याच्या कौशल्याला कायदेशीर आधार उरला नाही. डोंगराळ भागात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक, म्हणजे दारू आणि छरे नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायची बंदूक, ही त्या जुन्या परंपरेची अखेरची कायदेशीर खूण म्हणता येईल. पीकसंरक्षणासाठीच्या परवान्याची तरतूद आजच्या नियमांतही आहे.

साम्राज्याने भारतात शस्त्रे बनवण्याचे कारखाने काढले, पण मापे आपल्याकडे ठेवली. कोलकात्याजवळ काशीपूर येथे १८०१ मध्ये तोफगाड्यांचे काम सुरू झाले, पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगालमधील ईशापूर येथे ली-एनफिल्ड रायफली तयार होऊ लागल्या. तेथील कामगारांचे कौशल्य उत्तम प्रतीचे होते. पण कोणता बदल करायचा आणि कधी करायचा, हे लंडनमध्ये ठरे. स्वातंत्र्यानंतर हे कारखाने भारत सरकारकडे आले, तेव्हा उत्पादनक्षमता हाती आली, परंतु नवा आराखडा तयार करण्याची सवय नव्याने लावावी लागली. १९५८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेकडे ही जबाबदारी आली, आणि म्हणून रायफलीच्या भारतीय इतिहासाचा एक मोठा भाग पुण्याच्या पाषाण परिसरात घडला आहे.

या टप्प्यातील तीन प्रसंग विशेष अभ्यासण्याजोगे आहेत. पहिला प्रसंग ७.६२ मिलिमीटरच्या स्वयंभरण रायफलीचा, म्हणजे एक गोळी सुटताच पुढचे काडतूस आपोआप घरात आणणाऱ्या रायफलीचा आहे : बेल्जियमच्या मूळ कंपनीशी परवान्याची बोलणी अटींवरून फिसकटली, तेव्हा भारतीय तंत्रज्ञांनी परदेशी नमुन्यांचा अभ्यास करून स्वतःचे आराखडे काढले, आणि १९६२ च्या युद्धानंतरच्या वर्षांत ईशापूरहून ही रायफल सैन्याकडे जाऊ लागली, मात्र तिचे अनेक भाग मूळ बेल्जियन किंवा ब्रिटिश रायफलीच्या भागांशी अदलाबदल करता येत नव्हते. दुसरा प्रसंग त्याच काळात ईशापूरला जुन्या ली-एनफिल्डची यंत्रणा अधिक चांगल्या पोलादात घडवून नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी सिद्ध केलेल्या रायफलीचा. जुने कौशल्य टिकवून नव्या मापाकडे जाण्याचा हा संयमी मार्ग होता. तिसरा प्रसंग १९८० च्या दशकात पुण्यात आराखडा झालेल्या ५.५६ मिलिमीटरच्या इन्सास रायफलीचा आहे. वेगवेगळ्या परदेशी रायफलींतील उपयुक्त कल्पना एकत्र करून भारताने स्वतःचे हत्यार तयार केले, ही मोठी मजल होती. परंतु १९९९ च्या कारगिल युद्धाच्या थंडीत प्लास्टिकची मॅगझिने तडकण्यासारख्या तक्रारी आल्या, आणि आराखडा स्वतःचा असणे पुरेसे नसते, पदार्थाची प्रत आणि कठोर चाचणीची शिस्तही स्वतःची असावी लागते, हे त्यातून स्पष्ट झाले.

या इतिहासात काडतुसाकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि तेथेच खानदेशाचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध येतो. जळगाव जिल्ह्यात भुसावळ येथे १९४९ मध्ये आणि वरणगाव येथे १९६२ च्या युद्धानंतर उभारलेल्या आयुध निर्माणी आहेत, आणि त्यांपैकी वरणगावची निर्माणी लहान शस्त्रांची काडतुसे बनवते. रायफलीचे घर, बोल्टचा चेहरा, मॅगझिनची वळणे आणि नळीतील खाचांचा पीळ हे सर्व काडतुसावरून ठरते. म्हणून काडतूस निवडले की रायफलीचे निम्मे माप ठरून जाते. इन्सासचे ५.५६ बाय ४५, २०१९ मध्ये अमेरिकेकडून तयार स्थितीत मागवलेल्या ७२,४०० सिग रायफलींचे ७.६२ बाय ५१ आणि रशियन आराखड्याच्या एके-२०३ चे ७.६२ बाय ३९ अशी तीन भिन्न काडतुसे एकाच सैन्यात एकाच वेळी वापरात असणे म्हणजे तीन भिन्न साखळ्या सांभाळणे होय. तयार रायफल घेण्याची किंमत खरेदीच्या दिवशी संपत नाही, ती पुढची अनेक वर्षे काडतुसांच्या आणि सुट्या भागांच्या रूपाने फेडावी लागते, याची जाणीव वरणगाव आणि भुसावळच्या कामगारवस्तीला इतरांपेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे.

या विषयावरील विचारांचे ढोबळमानाने चार प्रवाह सांगता येतात. पहिला कारागिरीचा प्रवाह : यात एकाच हाताने एकच हत्यार बारकाईने बसवण्याला महत्त्व असते, आणि उच्च प्रतीच्या शिकारी व स्पर्धेच्या बंदुकांत तो आजही जिवंत आहे, त्याचे बळ अचूकतेत आहे आणि त्याची मर्यादा संख्येत व दुरुस्तीत आहे. दुसरा प्रमाणीकरणाचा प्रवाह : यात मापकांच्या आधारे लाखो समान भाग बनवले जातात, जोडणी हे साधे काम ठरते, आणि बिघडलेला भाग बदलणे सैनिकालाही शक्य होते. तिसरा परवान्याचा प्रवाह : यात मूळ उत्पादकाकडून प्रथम तयार हत्यारे, मग सुट्या भागांचे संच, आणि अखेरीस संपूर्ण तंत्रज्ञान अशा पायऱ्यांनी उत्पादन देशात आणले जाते, याचा लाभ वेगात आहे, आणि धोका असा की देश मधल्याच पायरीवर थांबून केवळ संच जोडत राहू शकतो. चौथा स्वतंत्र आराखड्याचा प्रवाह : यात सुरुवातीच्या चुका, विलंब आणि टीका सहन करावी लागते, परंतु पुढचा प्रत्येक बदल कोणाची परवानगी न घेता करता येतो. कोणत्याही देशाचे प्रत्यक्ष धोरण या चारींच्या मिश्रणातूनच बनते. म्हणून त्यांपैकी एकाला श्रेष्ठ ठरवण्यापेक्षा, कोणत्या वेळी कोणत्या प्रवाहाला किती वाव द्यावा हे ठरवण्याची कसोटी शोधणे अधिक उपयुक्त आहे.

सामान्य नागरिकाच्या जवळ येणारी या प्रश्नाची एकच कायदेशीर बाजू आहे, आणि ती म्हणजे नेमबाजी. महाराष्ट्राने या खेळाला अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे यांच्यासारख्या नेमबाज दिल्या; कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. दहा मीटरच्या स्पर्धेत वापरली जाणारी ४.५ मिलिमीटरची हवेची रायफल, कायद्याने ठरवलेल्या ऊर्जेच्या मर्यादेत असल्यास, परवान्याविना घेता येते. ५० मीटरसाठी लागणाऱ्या ५.६ मिलिमीटरच्या रायफलीला मात्र परवाना आवश्यक असतो. या रायफली प्रामुख्याने जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील कंपन्यांच्या असतात, आणि त्यांची नळी व यंत्रणा, दस्ता, गालपट्टी, खांदापट्टी, चाप आणि डायॉप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरण्याचे मागचे साधन, हे सर्व स्वतंत्रपणे निवडता येते. एक नेमबाज सर्व काही जुळवलेली तयार रायफल घेतो, तर दुसरा एका कंपनीची नळी व यंत्रणा दुसऱ्या कंपनीच्या दस्त्यात बसवून घेतो, आणि दोघेही नियमांतील वजनाची व मापांची मर्यादा पाळतात.

क्रीडाक्षेत्रातील या निवडीचा विचार करताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. नवोदिताला तयार रायफल अधिक योग्य असते, कारण आपल्या शरीराचे माप त्याला अजून उमगलेले नसते. पुढे खांद्याची उंची, हाताची लांबी, मानेचा कल आणि श्वासाची लय यांची त्याला पक्की ओळख झाली, की सुट्या भागांच्या निवडीला अर्थ येतो. अनुभवी नेमबाज नळीशी जुळणाऱ्या काडतुसांची खेप चाचणी करून निवडतात, कारण त्याच कंपनीच्या दोन खेपांमध्येही एकाच नळीतून निघणाऱ्या गोळ्यांचा पुंजका लहानमोठा होतो. याचा अर्थ असा की, मापावर प्रभुत्व आल्यावरच जोडणीचे स्वातंत्र्य उपयोगी पडते. राष्ट्राच्या पातळीवर आग्रा, ईशापूर आणि पुणे यांच्या इतिहासातून जो निष्कर्ष निघतो, तोच येथे एका खेळाडूच्या पातळीवर पडताळून पाहता येतो.

या ग्रंथाची आज गरज का आहे, याची तीन कारणे सांगता येतील. पहिले कारण असे की, शस्त्रनिर्मितीची रचनाच बदलली आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले आणि वरणगावची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे, तर भुसावळची नागपूरच्या यंत्र इंडियाकडे गेली. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली उत्तर प्रदेशातील कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने बनवण्याचा करार झाला, आणि जुलै २०२४ मध्ये त्यांपैकी ३५,००० सुपूर्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. सुरुवातीला आणलेल्या भागांची जोडणी आणि पुढे टप्प्याटप्प्याने पूर्ण देशी उत्पादन, असा हा परवान्याच्या प्रवाहातील प्रवास आहे. २०२४ मध्येच पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने एका खासगी कंपनीच्या साहाय्याने 'उग्रम' ही रायफल विकसित करून चाचणीसाठी सादर केली, म्हणजे चौथा प्रवाहही थांबलेला नाही. या दोन प्रयत्नांची तुलना कोणत्या कसोटीवर करावी, हे समजून घेणे करदात्या नागरिकाचा हक्क आहे.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. सातपुड्याच्या सीमाभागातून येणारे गावठी कट्टे खानदेशात पोलिसांकडून वारंवार जप्त होतात. असे हत्यार समाजाला धोकादायक असतेच, शिवाय पोलादाची प्रत, घराचे माप आणि दाबाची चाचणी यांपैकी कशाचाही भरवसा नसल्यामुळे ते चालवणाऱ्याच्या हातातही फुटू शकते. स्वतः घडवण्याचा गौरव करताना मापाविना घडवण्याचे परिणाम लपवता येणार नाहीत. स्वावलंबन आणि बेशिस्त यांतील सीमारेषा मापकाने आखली जाते, ही गोष्ट तरुण वाचकांपर्यंत निःसंदिग्धपणे पोहोचली पाहिजे.

तिसरे कारण शिक्षणाचे आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दरवर्षी फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट बाहेर पडतात, आणि आदिवासी व शेतकरी कुटुंबांतील या मुलामुलींसाठी शस्त्रनिर्मिती हे सन्मानाच्या रोजगाराचे क्षेत्र होऊ शकते. परंतु हे क्षेत्र केवळ जोडणी करणाऱ्या हातांवर मोठे होत नाही. मापनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि गुणवत्ता तपासणी यांत पारंगत माणसे मिळाली तरच ते मोठे होते. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला, आपण शिकत असलेल्या कौशल्यावर देशाच्या शस्त्रांची विश्वासार्हता अवलंबून असते, हे इतिहासाच्या आधारे सांगणारे मराठी पुस्तक हाताशी असणे आवश्यक होते.

प्रस्तुत ग्रंथ या सर्व धाग्यांना एका सूत्रात ओवण्याचा प्रयत्न करतो. लष्करी इतिहास, तंत्रज्ञानाचा इतिहास, कायदा, अर्थकारण आणि क्रीडा या पाच क्षेत्रांत विखुरलेली माहिती एकाच प्रश्नाभोवती आणून, प्रत्येक निर्णयामागे कोणते पर्याय उपलब्ध होते, कोणती माहिती निर्णय घेणाऱ्यांकडे होती आणि त्या निर्णयाने पुढच्या पिढीसाठी कोणती दारे उघडली किंवा बंद केली, हे तो तपासतो. रायफल कशी बनवावी किंवा जोडावी याचे मार्गदर्शन करणे हा त्याचा हेतू नाही, आणि तसा मजकूर त्यात जाणीवपूर्वक ठेवलेला नाही. शस्त्राचा गौरव करणे हाही त्याचा हेतू नाही. तांत्रिक शब्दांना जेथे रूढ मराठी शब्द आहेत तेथे ते वापरले आहेत, आणि जेथे कारखान्यात व नेमबाजीच्या रेंजवर इंग्रजी शब्दच रुळलेले आहेत तेथे ते देवनागरीत ठेवून प्रथम आले त्या ठिकाणी समजावून सांगितले आहेत.

या ग्रंथातून वाचकाने एक कसोटी आपल्याबरोबर न्यावी अशी अपेक्षा आहे. एखाद्या शस्त्राविषयी, आणि खरे तर कोणत्याही यंत्राविषयी, ते देशात बनले की बाहेरून आले एवढेच विचारून थांबू नये. त्याचे आराखडे कोणाकडे आहेत, त्याची मापके कोण तयार करतो, त्याची चाचणी कोणत्या निकषांवर होते, आणि उद्या त्यात बदल करावा लागला तर कोणाची परवानगी लागेल, हे चार प्रश्न विचारावेत. या चारही प्रश्नांची उत्तरे आपल्याच संस्थांकडे असतील, तर काही भाग बाहेरून आणून जोडण्यात कमीपणा नाही, आणि गरजेच्या वेळी तयार हत्यार घेण्यातही नाही. ती उत्तरे जर दुसऱ्याकडे असतील, तर प्रत्येक भाग देशातच घडवूनही परावलंबन संपत नाही. महादजी शिंदे यांच्या आग्र्यातील कारखान्यापासून कोरव्याच्या कारखान्यापर्यंतचा इतिहास हेच सांगतो, आणि हा धडा आत्मसात करण्याचे काम संरक्षण मंत्रालयाइतकेच तंत्रशिक्षणाच्या वर्गांचे आणि जाणकार नागरिकांचे आहे.

पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे